वाचक विचारतात : मावळ्यांचे रंग, असईचे कंपू आणि पावसाळ्यातला प्रायमर

फासे आणि फूटपट्टी घेऊन टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक लढायांविषयी, म्हणजेच वॉरगेमिंगविषयी, आणि त्यासाठी लागणाऱ्या बोटभर उंचीच्या सैनिकांच्या प्रतिकृती, म्हणजेच फिगर, रंगविण्याविषयी या महिन्यात कोल्हापूर शहरातून व जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी सतराव्या शतकातील मावळ्यांची २८ मिलिमीटर उंचीची तुकडी रंगवीत आहे. सर्वांना भगवी मुंडाशी आणि पांढरेशुभ्र अंगरखे दिले, तेव्हा माझा मित्र म्हणाला की हे लढाईतले नसून मिरवणुकीतले मावळे दिसतात. मग खरे रंग कोणते द्यावेत?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : आपल्या मित्राचे निरीक्षण बरोबर आहे. शिवकालीन पायदळाला आजच्या अर्थाने गणवेश नव्हता. एकाच रंगाचे डगले घातलेल्या पलटणी आपल्याकडे प्रामुख्याने अठराव्या शतकात, युरोपीय कवायतीबरोबर आल्या. त्याआधीचा मावळा घरच्याच कपड्यांत येत असे : डोक्याला मुंडासे, अंगात बंडी किंवा आखूड अंगरखा, खाली चोळणा किंवा नुसता काच्या आणि कमरेला घट्ट आवळलेला शेला. बहुतेकांचे कापड न रंगविलेले, जाडेभरडे सुती असे, आणि असे कापड वापरून वापरून शुभ्र राहत नाही. ते पिवळट, करडे, मातकट होते. रंगीत कापड होते, पण ते नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, कुसुंबा यांच्या रंगांचे आणि हिरडा व लोखंड यांपासून होणाऱ्या काळ्याचे. या यादीत आजच्या बाटलीतला झगझगीत नारिंगी बसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, वीस मावळ्यांची तुकडी असेल तर आधी तीन वेगवेगळे मळके पांढरे तयार करावेत (एकात थोडा पिवळा गेरू, दुसऱ्यात थोडा करडा आणि तिसऱ्यात किंचित तपकिरी मिसळून) आणि बहुतेक कपडे याच तीन रंगांत आलटून पालटून उरकावेत. त्यानंतर प्रत्येक मावळ्याला फक्त एक रंगीत वस्तू द्यावी : कोणाचे मुंडासे फिकट निळे, कोणाचा शेला विटकरी, कोणाची बंडी हळदी. भगवा रंग झेंड्यासाठी राखून ठेवावा. सगळी मुंडाशी भगवी केली की झेंडा त्या गर्दीत हरवतो, आणि मळक्या पांढऱ्या तुकडीत तोच झेंडा टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो. सरदार आणि त्यांची खाशी माणसे मात्र वेगळी : त्यांना तलम पांढरे कापड, किनखाब, जरीचा शेला शोभतो आणि इतिहासालाही धरून असतो.

पुरावा पाहायचा असेल, तर मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेले, सध्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले, घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र अवश्य पाहावे. त्याच्या प्रती अनेक ग्रंथांत छापलेल्या आहेत. महाराजांभोवती चालणाऱ्या पायदळाचे कपडे, शस्त्रे धरण्याची पद्धत आणि झेंडे हे सर्व त्यात समकालीन डोळ्यांनी टिपलेले आहे, आणि कॅलेंडरवरच्या चित्रांपेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक आहे. शस्त्रांसाठी आपल्या नवीन राजवाड्यातील संग्रहालय जवळच आहे. तलवारीची मूठ, ढालीवरच्या फुल्या आणि कातड्याचा रंग काचेपलीकडून का होईना, नीट न्याहाळता येतो. फिगरची ढब योग्य आहे का, हे ठरवायचे असेल तर एखाद्या तालमीत मर्दानी खेळाचा सराव पाहावा. पट्टा फिरविणाऱ्याचे गुडघे किती वाकलेले असतात, वजन कोणत्या पायावर असते, मोकळा हात कोठे जातो, हे एकदा नजरेत बसले की कारखान्यातून ताठ उभ्या आलेल्या फिगरचा पाय गरम पाण्यात मऊ करून कोठे वाकवायचा, ते आपोआप कळते. (ही युक्ती प्लॅस्टिकच्या फिगरपुरतीच आहे.)

तुकडी घोडखिंडीसाठी असेल, तर ऋतूचाही विचार करावा. पन्हाळ्याहून महाराज निघाले ती १२ जुलै १६६० ची रात्र आणि खिंडीतली झुंज १३ जुलैची, म्हणजे ऐन पावसाळा. त्या माणसांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ हवी, पोटऱ्यांपर्यंत चिखल हवा, आणि तोड्याच्या बंदुका फार नकोत, कारण मुसळधार पावसात तोडा, म्हणजे बार पेटविणारी वात, पेटता राहत नाही. तलवार, भाला, पट्टा, धोंडे हीच त्या दिवसाची शस्त्रे. बेसवर, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या चकतीवर, तांबडी माती, ओले हिरवे गवत आणि खोलगट जागी चकचकीत वॉर्निशचा एक थेंब सोडला की पाणी साचल्याचा भास होतो. असई किंवा खर्ड्याच्या मावळ्यांना हा बेस देऊ नये. तिकडची जमीन काळी.

चेहऱ्यांविषयी एक सांगणे आवश्यक आहे. परदेशी रंगांच्या पेटीत त्वचेचा म्हणून जो रंग येतो, तो आपल्या माणसांचा नाही. लालसर तपकिरी रंगाने सुरुवात करून, त्यावर पातळ गडद वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग) सोडून, वाळल्यावर नाक, गालाची हाडे आणि बोटांची पेरे उजळावीत. आणि वीस जणांत किमान तीन वेगळ्या सावळ्या छटा ठेवाव्यात.

प्रश्न : निवृत्तीनंतर हा छंद सुरू करावा असे मनात आहे. कोणत्या मापाच्या फिगर घ्याव्यात, किती घ्याव्यात आणि पहिली लढाई कोणती निवडावी?
— निवृत्त बँक कर्मचारी, मंगळवार पेठ

उत्तर : चेहरा, मिशी, शेल्याची चुणी रंगविण्यात ज्याला रस आहे त्याने २८ मिलिमीटर घ्यावे, ज्याला सैन्य सैन्यासारखे दिसायला हवे त्याने १५ मिलिमीटर, आणि ज्याला हजारोंची आघाडी टेबलावर पसरायची आहे त्याने ६ मिलिमीटर. आपणांस माझा सल्ला १५ मिलिमीटरचा आहे. त्यात एक लहान सैन्य महिन्या-दोन महिन्यांत पुरे होते, आणि पुरे झालेले पहिले सैन्यच माणसाला या छंदात टिकवते. बेससाठी ४० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, स्वारांच्या पट्टीवर तीन घोडे व पायदळाच्या पट्टीवर चार माणसे चिकटवावीत. आठ पट्ट्या स्वार आणि चार पट्ट्या पायदळ, म्हणजे एकूण ४० फिगर, एवढ्यात खेळता येण्याजोगे सैन्य उभे राहते.

पहिली लढाई आपल्याच गावाजवळची घ्यावी. अफजलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी पन्हाळा स्वराज्यात आला, आणि पुढच्याच महिन्यात, २८ डिसेंबरला, रुस्तुमजमान व फाजलखान यांच्या आदिलशाही फौजेचा महाराजांनी कोल्हापूरजवळ पराभव केला. नवशिक्यासाठी ही लढाई सोयीची आहे, कारण ती मुख्यतः स्वारांची, उघड्या मैदानावरची आणि झटपट निकालाची आहे. शिवाय आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदार मोठ्या संख्येने होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बरेच स्वार दिसायला सारखेच. एकदा रंगविलेल्या पट्ट्या आज या बाजूला, तर उद्या त्या बाजूला वापरता येतात. झेंडे तेवढे बदलावे लागतात. खेळताना घोळ होऊ नये म्हणून पट्टीच्या मागच्या कडेला बाजूनुसार बारीक रंगीत रेघ ओढावी.

घोड्यांकडे माणसांइतकेच लक्ष द्यावे. सर्व घोडे एकाच तपकिरी रंगात रंगविण्याचा मोह अनेकांना होतो, पण पागेत कुमाईत, मुश्की (काळा), नुकरा (पांढरा), अबलख (ठिपकेदार, दुरंगी) असे सगळेच असत. कुमाईत घोड्याचे अंग तांबूस तपकिरी, परंतु आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा असतो, एवढे पाळले तरी घोडा खरा वाटू लागतो. अॅक्रिलिकचा फिकट थर पूर्ण वाळल्यावर वर गडद तपकिरी तैलरंग लावून, काही मिनिटांनी उंचवट्यांवरून तो मऊ चिंधीने पुसून घेतला, तर स्नायूंची सावली हाताने काढावी लागत नाही. सभासद बखरीनुसार पागेत दर २५ घोड्यांमागे एक पखालजी (कातडी पखालीतून पाणी पुरविणारा) आणि एक नालबंद असे. आपल्या स्वारांमागे पखाल लादलेला एक बैल उभा करावा. नियमांच्या दृष्टीने त्याचा उपयोग नसेल, पण मला स्वतःला कोणत्याही मराठा सैन्यात तो दिसला की ते सैन्य अभ्यासून केलेले आहे याची खात्री पटते.

प्रश्न : डोळे रंगविण्यासाठी अगदी बारीक, तीन शून्यांचा ब्रश घ्यावा का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. त्या ब्रशात रंगच इतका कमी मावतो की टोक फिगरपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाळते. चांगल्या केसांचा, टोक टिकविणारा एक नंबरचा ब्रश घ्यावा, रंग पाण्याने पातळ करावा आणि ब्रश धातूच्या टोपणापर्यंत कधीही बुडवू नये. टोक काढण्यासाठी ब्रश ओठांत धरण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. काही रंगद्रव्ये विषारी असतात.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून पाऊस थांबत नाही. स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, खरखरीत बसतो आणि मॅट वॉर्निश मारल्यावर फिगरवर पांढरी धुकट साय येते. चार महिने काम बंदच ठेवावे काय?
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर : बंद ठेवण्याची गरज नाही, फक्त स्प्रेचा डबा दसऱ्यापर्यंत कपाटात ठेवावा. हवेतील बाष्प स्प्रेच्या बारीक थेंबांत अडकते आणि मॅट वॉर्निशमध्ये ते पांढरेपणाच्या रूपाने दिसते. पावसाळ्यात प्रायमर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशने लावण्याजोगे, पाण्यात मिसळणारे घ्यावेत आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. ज्या फिगर आधीच पांढुरक्या झाल्या आहेत, त्या फेकून देऊ नयेत : कोरड्या दिवशी त्यांवर ब्रशने चकचकीत वॉर्निशचा थर दिल्यास साय बहुतेक वेळा नाहीशी होते, आणि तो थर पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट थर देता येतो. आणखी एक काळजी आपल्याकडे घ्यावीच लागते. चुंबकाच्या पेटीत ठेवण्यासाठी बेसखाली लोखंडी पत्रा लावत असाल, तर पाणी घातलेला फेव्हिकॉल थेट पत्र्यावर लावू नये. पत्रा गंजतो आणि काही दिवसांत तो तांबडा डाग वाळूतून वर येतो. पत्र्याला आधी रंगाचा एक थर द्यावा.

प्रश्न : वडिलांनी जमविलेले जुने धातूचे सैनिक माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी नवीन प्लायवूडच्या बंद कपाटात ते मांडले, आणि आता काहींच्या पायांवर पांढरी भुकटी दिसते. ही बुरशी आहे का?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : ही बुरशी नाही, आणि म्हणून उन्हात ठेवून ती जाणार नाही. जुने सैनिक बहुधा शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूचे असतात. प्लायवूड, एमडीएफ आणि काही जातींचे लाकूड यांतून, तसेच त्यांच्या डिंकांतून, आम्लाच्या सूक्ष्म वाफा बाहेर पडत राहतात. बंद कपाटात त्या साठतात, त्यांची शिशाशी क्रिया होते आणि शिशाचे पांढरे क्षार तयार होतात. एकदा सुरुवात झाली की धातू आतून पोखरला जातो, आणि दमट हवेत हे अधिक वेगाने होते. संग्राहकांच्या दृष्टीने याहून वाईट शत्रू नाही, म्हणून हे उत्तर वाचताच ते सैनिक त्या कपाटातून बाहेर काढावेत.

भुकटी झालेल्या फिगर वेगळ्या ठेवाव्यात. हातमोजे घालून, भुकटी हवेत उडणार नाही अशा बेताने, ओल्या मऊ ब्रशने ती काढावी, कारण ती भुकटी विषारी असते. नंतर फिगर पूर्ण कोरडी करून, उघड्या पडलेल्या धातूवर वॉर्निशचा थर द्यावा. मूळ रंग शक्यतो पुसू नयेत. जुन्या संग्रहाची किंमत आणि आठवण दोन्ही त्या रंगांतच असतात, आणि वडिलांच्या हातचे रंग नव्याने रंगविण्यापेक्षा जसेच्या तसे टिकविणे अधिक महत्त्वाचे आहे, असे मला मनापासून वाटते. मांडणीसाठी काच आणि पावडर कोटिंग केलेला धातू यांचे कपाट उत्तम. लाकडाचेच हवे असेल तर हवा खेळती राहील अशी फट ठेवावी. खोक्यात ठेवताना साध्या पुठ्ठ्याऐवजी पॉलिथिनचे डबे वापरावेत.

प्रश्न : १८०३ ची असईची लढाई टेबलावर मांडायची आहे. शिंदे-भोसल्यांच्या फौजेचे आकडे पाहून धीर खचतो. एवढ्या फिगर आणायच्या कोठून?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आकडा आणि लढणारे यांत फरक करावा, म्हणजे धीर परत येईल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीकडे प्रत्यक्ष झुंजीत सुमारे साडेचार हजार सैन्य होते; म्हैसूरकर आणि पेशव्यांचे स्वार त्याखेरीज. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकविलेल्या पलटणींचे मोठे गट, होते, त्यांत दहा हजारांहून अधिक पायदळ, आणि शंभराच्या आसपास तोफा. याशिवाय तीस हजार किंवा त्याहून अधिक स्वार होते, परंतु निर्णायक झुंज कंपू आणि तोफखान्यानेच दिली.

एक फिगर म्हणजे तीस माणसे असे प्रमाण धरले, तर वेलस्लीसाठी १५० आणि कंपूंसाठी सुमारे ३५० फिगर लागतात. ६ मिलिमीटरमध्ये हे काम एका माणसाच्या आवाक्यातले आहे, आणि दोघे मित्र मिळून करणार असाल तर १५ मिलिमीटरमध्येही. तीस हजार स्वारांसाठी हजार फिगर रंगविण्याचे कारण नाही. टेबलाच्या कडेला आठ-दहा पट्ट्या उभ्या केल्या की त्यांचे दडपण वेलस्लीच्या खेळाडूला जाणवते. तोफांचे प्रमाण वेगळे ठेवावे : आठ तोफांमागे एक प्रतिकृती धरली, तर बारा प्रतिकृती पुरतात. मात्र तोफखान्यावर कंजुषी करू नये. असईला इंग्रजांची जी भयंकर हानी झाली, ती मुख्यतः या तोफांनी केली.

नकाशात कैलना आणि जुई या दोन नद्यांमधला चिंचोळा भूभाग यायलाच हवा, कारण सगळी लढाई त्यावर ठरली. शिंद्यांची फौज कैलनेकाठी नदीकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीने पूर्वेकडच्या उताराने नदी ओलांडून तिच्या डाव्या बगलेवर येण्याचा डाव टाकला, तेव्हा शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालच्या पलटणींनी काटकोनात वळून, दोन्ही नद्यांच्या मध्ये नवी आघाडी उभारली. एवढ्या मोठ्या फौजेने शत्रूसमोर असे वळणे हा कवायतीचा कस पाहणारा प्रसंग होता, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही याची मला खंत वाटते. खेळाचे नियम निवडताना कंपूंना वळण्याची ही क्षमता दिलेली आहे का, ते आधी पाहावे. मराठ्यांचे सर्वच पायदळ बेशिस्त धरणारे नियम असईसाठी निरुपयोगी आहेत. आपल्या गोलंदाजांनी, इंग्रज फळी अंगावरून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग टाकून पुन्हा तोफा हाती घेतल्या आणि पाठीमागून मारा केला, हेही इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून काबीज झालेल्या तोफखान्यासाठी दर फेरीला एक फासा टाकावा, आणि सहा आल्यास तो पुन्हा सुरू झाला असे मानावे.

प्रश्न : परदेशातून मागविलेल्या फिगरवर किमतीच्या तुलनेत फार मोठा कर भरावा लागला. काही पर्याय आहे का?
— एक वाचक, कागल

उत्तर : खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि लहान प्रतिकृती त्याच वर्गवारीत मोडतात. त्यामुळे मागणी नोंदविण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहूनच हिशेब करावा. पर्याय म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग. विकत घेतलेल्या डिजिटल आराखड्यावरून, त्याच्या परवान्यात बसत असेल तर, रेझिनमध्ये फिगर छापून घेता येतात. रेझिन कच्चे असताना हातमोज्यांशिवाय हाताळू नये, एवढे पथ्य पाळावे. मुघल स्वारांच्या प्लॅस्टिक फिगर हाती असतील, तर एम-सीलची बारीक वळी करून, बोटे ओली ठेवून, डोक्याभोवती पीळ देत गुंडाळली की मराठी मुंडासे तयार होते.

प्रश्न : माझी मुले दरवर्षी दिवाळीत किल्ला करतात. त्यांना या छंदाची गोडी लावावी असे वाटते, पण धातूच्या फिगर आणि रंग मुलांच्या हाती देणे सुरक्षित आहे का? आणि नातेवाईक म्हणतात तसा हा केवळ खेळण्यांचा नाद तर नाही ना?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला, आणि आज जगभरच्या सैन्यांत अशा खेळांचा वापर होतो. मुले या निमित्ताने नकाशा वाचतात, अंतर मोजतात, शक्यता जोखतात आणि पुस्तके उघडतात.

सुरक्षिततेबाबत मात्र काटेकोर असावे. शिसेयुक्त धातूच्या फिगर मुलांना देऊ नयेत, आणि मोठ्यांनीही त्या स्वयंपाकघरात घासू नयेत. सुरुवात कुंभार गल्लीत दिवाळीपूर्वी मिळणाऱ्या मातीच्या मावळ्यांपासून करावी. न रंगविलेले मावळे मागून घ्यावेत, त्यांना पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्यावा म्हणजे माती रंग शोषून घेत नाही, आणि मग पाण्यात मिसळणारे, मुलांसाठीचे अॅक्रिलिक रंग द्यावेत. मावळे उंचीने लहान-मोठे निघतात. उंच निवडून पुढे आणि ठेंगणे मागे, वरच्या बुरुजांवर ठेवले की किल्लाही आहे त्यापेक्षा उंच भासतो.

खेळाचे नियम सुरुवातीला एवढे पुरेत : पायदळाने एका फेरीत १० सेंटिमीटर आणि स्वाराने २० सेंटिमीटर चालावे, चढावर दोघांचेही अंतर निम्मे करावे, समोरासमोर भिडल्यावर दोघांनी एकेक फासा टाकावा, मोठा आकडा जिंकावा आणि तटाआड असलेल्याने आपल्या आकड्यात दोन मिळवावेत. तटाचे दोन गुण मोठ्या मुलाला फार वाटले, तर हल्ला करणाऱ्याला तिप्पट मावळे द्यावेत, आणि पुढच्या डावात बाजू बदलाव्यात.